वळूला कास नसते, मग त्याची दगडी कशी मोजायची?

पत्र

रामराम डॉक्टरसाहेब. राहाता तालुक्यात आमचा मुक्तसंचार गोठा आहे. चौदा गाई, सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित. या पावसाळ्यात चार गाईंना दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली. एकीचा सड कायमचा गेला, ती आता तीन सडांवर आहे. बावीस-तेवीस लिटरची गाय अकरा-बारावर आली. गावात गाई भरवायच्या कांड्या (वळूच्या गोठवलेल्या रेताच्या नळ्या) विकणारा एक जण येतो. त्याच्याकडे ‘दगडीमुक्त जीन’वाल्या परदेशी वळूची कांडी आहे म्हणतो, एका कांडीला पंधराशे रुपये. गाईच्या शेपटीचे केस लॅबला पाठवले की कुठल्या गाईला कुठला आजार होणार ते आधीच कळतं, असंही सांगतो. वडील म्हणतात, हे सगळं सोड आणि गीर आण, देशीला काही होत नाही. धाकटा भाऊ मोबाईलवर बघून सांगतो की आता जीन बदललेल्या गाई येणार आहेत, तोवर थांब. मी कोणाचं ऐकू? आणि त्या तीन सडांच्या गाईची सात महिन्यांची कालवड आहे. ती ठेवू की विकू?

— एक दूध उत्पादक

उत्तर

रामराम.

कांडीवाल्यापासून सुरुवात करतो, कारण तो पुढच्या आठवड्यात पुन्हा दारात उभा राहणार. ‘दगडीमुक्त जीन’ असा एखादा जीन नसतो. दगडी होणार की नाही, यात शेकडो जनुकांचा थोडा थोडा हात असतो. धार काढल्यावर सडाचं तोंड किती लवकर मिटतं, कास मागच्या पायाच्या गुडघ्याच्या वर राहते की खाली लोंबते, जंतू आत शिरल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती चपळाईने कासेत पोचतात, या प्रत्येक गोष्टीमागे वेगळी जनुकं. एकाच जीनवर बोट ठेवून ‘हा असला की दगडी नाही’ म्हणणारा एकतर फसलेला आहे किंवा फसवतो आहे.

पण त्याच्या बोलण्यात तथ्य अजिबातच नाही, असंही नाही. काही वळूंच्या मुलींना दगडी खरोखर कमी होते. आता वळूला स्वतःला कास नाही, दूध नाही, त्याला दगडी होणार कशी आणि ती मोजणार कोण? ती मोजावी लागते त्याच्या मुलींच्या गोठ्यात. त्यामुळे त्या माणसाला पहिला प्रश्न विचारायचा तो एवढाच : या वळूच्या मुली कुठे आहेत, किती आहेत, आणि त्यांच्या आजारांची नोंद कुणी ठेवली?

हा प्रश्न सगळ्यात आधी धसाला लावला तो नॉर्वेने. तिथे १९७५ पासून प्रत्येक गाईचं आरोग्यपत्रक ठेवलं जातं. डॉक्टर आला, इंजेक्शन दिलं, की कुठल्या गाईला, कुठल्या तारखेला, कशासाठी दिलं हे पत्रकावर चढलंच पाहिजे. १९७८ मध्ये त्यांनी वळू निवडताना दुधाच्या जोडीला दगडीचाही हिशेब धरायला सुरुवात केली. एकेका वळूच्या दोनशेच्या वर मुलींच्या नोंदी बघायच्या आणि मगच तो वळू सगळीकडे वापरायचा. इतक्या मुली कशासाठी? कारण दगडीची आनुवंशिकता फार थोडी आहे, दोन ते पाच टक्के. म्हणजे गाई-गाईंमध्ये दगडीचा जो फरक दिसतो, त्यातला शंभरातला दोन ते पाच भागच आईबापांकडून येतो. उरलेला गोठ्याची जमीन, धार काढणाऱ्याचे हात, मशीन, पाऊस, कितवं वेत आहे आणि नशीब यांच्या वाट्याचा. दहा मुलींवरून या गर्दीत वळूचा वाटा दिसत नाही. दोनशे मुली जमल्या की दिसायला लागतो.

त्यांनी पुढे जे करून पाहिलं ते तुमच्या गोठ्याशी थेट संबंधित आहे. नॉर्वेजियन रेड गाईंचे दोन गट केले. एका गटात वळू निवडले ते फक्त दुधातल्या प्रथिनांच्या उत्पादनावर, दुसऱ्यात फक्त दगडी कमी असण्यावर. पाच पिढ्यांनंतर दोन्ही गटांतल्या दगडीच्या प्रमाणात दहा टक्के-अंकांचा आनुवंशिक फरक पडला. याचा अर्थ दुहेरी आहे. नुसतं उत्पादन बघत गेलं की दगडी गुपचूप वाढत जाते. आणि आनुवंशिकता दोन-पाच टक्के असली तरी चिकाटीने निवड केली तर ती खाली आणता येते. आपल्याकडे वर्षानुवर्षं कांडी घेताना ‘आईचं दूध किती?’ हा एकच प्रश्न विचारला गेला. तुम्ही विचारला, मीही वर्षानुवर्षं लोकांना तेच सांगत होतो, तेव्हाच्या पुस्तकात तेच होतं. आज तुमच्या दावणीला बावीस लिटरच्या गाई आहेत त्या त्यामुळेच, आणि दगडीचा काही भागही त्याच पोत्यातून आला.

आता कांडीवाल्याकडे त्या वळूचं पत्रक मागा. परदेशी वळू असेल तर छापील पत्रक असतंच. नसेल तर तिथेच बोलणं संपवा. अमेरिकन पत्रकात ‘एससीएस’ असा एक आकडा सापडेल. दुधातल्या पांढऱ्या पेशींवरून तो काढतात. या मापात ३ म्हणजे एका मिलिलिटर दुधात एक लाख पेशी, ४ म्हणजे दोन लाख, ५ म्हणजे चार लाख, असं दुपटीने चढत जातं. वळूंच्या पत्रकात सरासरी तीनच्या आसपास असते. जितका आकडा खाली तितक्या त्याच्या मुलींच्या कासा निरोगी. २.७० किंवा २.८० असेल तर बघण्यासारखा वळू, ३.२० असेल तर तो दगडीसाठी विकणाऱ्याला हात जोडा. अमेरिकेत २०१८ पासून प्रत्यक्ष दगडीचाही वेगळा आकडा देतात. तो मात्र उलटा वाचायचा, अधिक असेल तेवढा चांगला. त्याच ओळीत विश्वासार्हतेची टक्केवारी असते. मुली अजून दुधात न आलेल्या, फक्त डीएनए तपासून निवडलेल्या तरुण वळूची ती आजारांच्या बाबतीत पन्नास-साठच्या घरात असते. भरपूर मुली असलेल्या जुन्या वळूची नव्वदच्या वर जाते. दुधासाठी तरुण वळू चालतो. दगडीसाठी, माझ्या मते, जुना आणि परखलेला घ्यावा.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात बॉनी मॅलार्ड यांनी वेगळी वाट धरली. गाईला निरुपद्रवी चाचणी-द्रव्य टोचायचं आणि तिची प्रतिकारशक्ती किती जोराने उठते ते मोजायचं. या गुणाची आनुवंशिकता पंचवीस-तीस टक्के निघाली, दुधाच्या तोडीची. म्हणून तिकडे ‘इम्युनिटी’चा शिक्का असलेले वळू विकले जातात. तुमचा माणूस त्यातलाच एखादा वळू विकत असेल तर निव्वळ थाप म्हणता येणार नाही. पण तिथेही दावा आजार कमी होण्याचा आहे, ‘मुक्त’ होण्याचा नाही. ‘कमी’ हा शब्द तुमच्या शिवारात पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी गळतो.

आणखी एक गोष्ट विचारा, आणि हिच्यात तडजोड नको : वळूची ‘ब्लॅड’ची तपासणी झाली आहे का? हा आजार मात्र खरोखर एकाच जीनचा. अमेरिकेत १९५२ साली जन्मलेला ऑस्बर्नडेल आयव्हनहो नावाचा होल्स्टीन वळू होता. त्याच्या अंगात एका जीनची एक प्रत बिघडलेली होती. एक प्रत बिघडली तर जनावराला काही होत नाही, त्यामुळे कुणाला कळायचं कारण नव्हतं. त्याचा नातू कार्लिन-एम आयव्हनहो बेल दुधाला इतका चांगला निघाला की त्याचं रेत जगभर गेलं आणि त्याबरोबर तो बिघाडही गेला. मग पुढच्या पिढ्यांत आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही बिघडलेल्या प्रती घेऊन वासरं जन्माला येऊ लागली. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, पण रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडण्याची कळच नसल्याने त्या जखमेपर्यंत पोचायच्या नाहीत. तोंडात फोड, हगवण, न्यूमोनिया, आणि काही महिन्यांत वासरू खलास. १९९२ मध्ये नेमका बिघाड सापडला तेव्हा अमेरिकेतल्या तपासलेल्या होल्स्टीन वळूंपैकी सुमारे १४ टक्के वाहक निघाले. त्यानंतर तपासणी सुरू झाली, वाहक वळू बाद होत गेले आणि आजार आटोक्यात आला. जीनची तपासणी चोख काम करते ती अशा ठिकाणी, जिथे एक जीन आणि एक आजार अशी सरळ जोडी असते. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे रेत केंद्रांना एचएफ आणि संकरित वळूंची ब्लॅडसकट काही आनुवंशिक आजारांसाठी तपासणी करावीच लागते. मान्यताप्राप्त केंद्राच्या कांडीवर जात, वळूचा नंबर आणि केंद्राची खूण छापलेली असते. चौकडीच्या बॅगेतून निघणाऱ्या, काहीच न छापलेल्या कांडीला हा कायदा ठाऊक नसतो.

केसांच्या तपासणीकडे येतो. केसाच्या मुळातून डीएनए काढून तो चिपवर तपासतात, हे खरं. हजारो ठिकाणी जनुकांची कुठली अक्षरं आहेत ते चिप वाचते. पण वाचलेल्याचा अर्थ लावायला आधी हजारो गाई लागतात, ज्यांचा डीएनएही माहीत आहे आणि दूध-आजारांचा इतिहासही. अमेरिका-युरोपात होल्स्टीनचा असा साठा लाखांच्या घरात आहे. आपल्या संकरित गाई, आपलं ऊन, आपला चारा, आपले गोचीड यांचा साठा आपल्यालाच जमवायचा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते ‘गौचिप’ आली, ती आपल्याच गाईंसाठी बनवलेली चिप आहे आणि दिशा बरोबर आहे. पण दुधाच्या नोंदींच्या मानाने आजारांच्या नोंदी आपल्याकडे फारच तुटपुंज्या. तेव्हा तुमच्या गाईचा केस बघून ‘हिला पुढच्या वर्षी दगडी होणार’ असं सांगणारी चिठ्ठी म्हणजे कुडमुड्या जोशाचं भविष्य. चौदा गाईंच्या गोठ्यात ते पैसे घालू नका.

वडिलांच्या म्हणण्यात मात्र वजन आहे, फक्त आजार बदलून घ्यायला हवा. देशीची खरी ताकद गोचीड आणि गोचीड-तापात दिसते. स्कॉटलंडमधल्या रॉस्लिन संस्थेत साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना थायलेरियाचा, म्हणजे गोचीड-तापाच्या परजीवीचा, सारखाच संसर्ग देऊन पाहिला. होल्स्टीन वासरांची हालत गंभीर झाली, साहिवाल वासरं तापली आणि आपली आपण सावरली. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे साहिवालच्या अंगात परजीवी शिरला नाही असं नव्हतं. शिरला, पण त्यांच्या शरीराने आकांडतांडव केलं नाही. होल्स्टीनमध्ये प्रतिकाराचा भडकाच जिवावर उठतो. तुमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातली डांगी गाय त्या पावसात, त्या डोंगरात टिकते तीही पिढ्यान्‌पिढ्यांच्या अशाच निवडीवर. पण ‘देशीला काही होत नाही’ हे वाक्य २०२२ च्या लम्पीने खोटं ठरवलं. राजस्थान-गुजरातेत देशी गाई किती गेल्या ते वडिलांनीही टीव्हीवर पाहिलं असेल. आणि गीरला दगडी होतेच. तिचं दूध कमी आणि कासेवरचा ताण कमी म्हणून प्रमाण कमी दिसतं. तुमचं कर्ज, तुमचा मुरघास, तुमची डेअरी हे सगळं वीस लिटरच्या हिशेबाने उभं आहे. दगडीला वैतागून सगळा गोठा गीरचा केलात तर दगडी कमी होईल आणि हप्ता थकेल. वडिलांची हौस म्हणून एखादी गीर आणा, बांधा, घरच्या दुधाला उत्तम. धंद्याचा निर्णय म्हणून नको.

धाकट्या भावाला सांगा, बातमी खरी आहे, पण थांबण्यासारखी नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्येच जर्सी गाईत जंतूचा जीन घालून ‘स्टॅफ’ जंतूंना मारणारं द्रव्य दुधात आणलं होतं. त्या गाईंना त्या एका जंतूची दगडी फारशी होत नव्हती. बाकीच्या जंतूंचा बंदोबस्त त्यात नव्हता, आणि त्या गाई बाजारात कधीच आल्या नाहीत. अलीकडे २०२१ मध्ये तिथे ‘जिंजर’ नावाची कालवड जन्मली. एका विषाणूला पेशीत शिरायला जी कडी लागते, ती तिच्या जीनमध्ये बदलली आहे. ती कालवड गीर जातीची आहे, हे वडिलांना जरूर सांगा, खूश होतील. पण त्या विषाणूचा तुमच्या दगडीशी संबंध नाही आणि असली गाय राहात्याच्या बाजारात कधी येईल यावर गोठा चालवता येत नाही.

मग करायचं काय? आधी काळाचा हिशेब बघा. आज चांगल्यातल्या चांगल्या वळूची कांडी भरली, गाय फळली, कालवडच झाली आणि सगळं सुरळीत पार पडलं, तर ती धारेला बसायला सव्वातीन वर्षं. म्हणजे या पावसाळ्याच्या दगडीवर कांडी हा उपाय नाहीच. तो धार काढण्याच्या जागी आहे. तुम्ही मशीनने काढत असाल तर आतलं रबर शेवटचं कधी बदललं ते आठवा. आठवत नसेल तर आज बदला. आजारी गाईची धार सगळ्यात शेवटी. धारेनंतर प्रत्येक सड डिपिंगच्या, म्हणजे जंतुनाशकाच्या, कपात पूर्ण बुडवायचा, नुसता फवारा मारून भागत नाही. आणि लगेच पुढ्यात वैरण टाकायची म्हणजे गाय अर्धा तास तरी उभी राहते. धारेनंतर सडाचं तोंड काही वेळ उघडं असतं. तेवढ्यात ती मुक्तसंचारच्या ओल्या शेणात बसली की जंतूंना आमंत्रणच. दर पंधरा दिवसांनी सीएमटीच्या (दगडी ओळखायच्या सोप्या चाचणीच्या) चार खणी पॅलेटमध्ये चारही सडांचं थोडं थोडं दूध घेऊन औषध मिसळून फिरवून बघा. ज्या खणात दूध चिकट, जेलीसारखं होईल, तो सड आतून आजारी आहे, दूध वरून कितीही स्वच्छ दिसो. गाय आटवताना सडात औषध भरायचं की नाही ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून गाय बघून ठरवा.

आणि वही घाला. गाईच्या कानातल्या पिवळ्या टॅगचा बारा अंकी नंबर, दगडीची तारीख, कुठला सड, कितवं वेत, आणि तिचा बाप कोण. डॉक्टर उपचार करून जातील तेव्हा टॅग नंबरवर नोंद चढवायला सांगा. ही नोंद तुमच्या चौदा गाईंपुरती मोठीशी वाटणार नाही. पण चार-दोन वर्षांत एकाच वळूच्या तीन-चार मुली तुमच्या गोठ्यात झाल्या आणि तिघींना दगडी लागली, तर तो नंबर पुन्हा भरायचा नाही एवढं तरी कळेल. आणि गावोगाव अशा नोंदी चढल्या, तरच आपल्या संकरित गाईंसाठी चिपवाल्यांना आजाराचं काही सांगता येईल.

पंधराशेच्या कांडीबद्दल माझं मत विचारलंत. पत्रक आहे, एससीएस २.८० किंवा त्याखाली आहे, कासेची ठेवण चांगली आहे, ब्लॅड नाही, कांडीवर सगळं छापलेलं आहे, तर तुमच्या दोन-तीन उत्तम गाईंना भरा. चौदाच्या चौदांना नको. यातली एक जरी गोष्ट कमी असेल तर फुकट दिली तरी नको.

आता कालवड. आईचा सड गेला म्हणून मुलगी विकायची नाही. दोन-पाच टक्के आनुवंशिकतेच्या आजारात एकट्या आईच्या दगडीवरून मुलीबद्दल जवळजवळ काहीच सांगता येत नाही. पण आईची कास एकदा मागून बसून बघा. कासेची ठेवण दगडीपेक्षा कितीतरी जास्त वारशाने येते, पंचवीस-तीस टक्के. आईची कास घट्ट आणि गुडघ्याच्या वर असेल, तर सड चिखलातून किंवा मशीनमुळे गेला असं समजा आणि कालवड निर्धास्त ठेवा. कास खाली लोंबत असेल तरीही ठेवा. फक्त ती भरायला येईल तेव्हा पत्रकात कासेच्या खोलीचा आकडा चांगला असलेला वळू निवडा. दरम्यान ती बाकीच्या कालवडींबरोबर मोकळी असेल तर एकमेकींचे सड चोखतात का त्यावर लक्ष ठेवा. चोखत असतील तर वेगळी बांधा, कारण पहिल्या वेतालाच आंधळा (दूध न येणारा) सड निघण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. आणि दगडीच्या गाईचं दूध कुठल्याही वासराला पाजत असाल तर आजपासून बंद करा.